बरणीतला सोनेरी मासा

माझ्या साडूने, विनायकने, मला फसवलं. कल्याणच्या बाजारात मी घासाघीस करून घेतलेला तरतरीत सोनेरी मासा त्याने स्वतःच्या काचपेटीत टाकला आणि आजारी मासा माझ्या हाती दिला.

आज बायकोने लोणच्यासाठी खडेमीठ काढलं, आणि त्या ओलसर वासाने मी डोंबिवलीच्या जुन्या खोलीत जाऊन पोचलो.

मासा कुशीवर तरंगत होता. आम्ही मिठागरातली माणसं, आमचं प्रत्येक औषध मीठच. बरणीत मिठाचं पाणी करून तीन दिवस मी त्याला तळहाताने सावरत होतो. विनायक आला आणि हसला, "काय दादा, भल्याभल्यांना गंडवता, आणि स्वतःचा मासा ओळखत नाही? तो माझ्याकडे मजेत आहे!"

मी वरवंटा उचलला, तडक त्याच्या घरी गेलो आणि मागोमाग धावत आलेल्या विनायकसमोरच पेटी फोडली. काचेने त्याचं कपाळ फाटलं. पाच मासे फरशीवर तडफडत होते, त्यांत माझाही होता. शेजारी घागर भरलेली होती. मी मात्र विनायकची मानगूट सोडली नाही.

बरणीतला आजारी मासा पुढे चार वर्षं जगला.

विनायक, मासा तू बदललास. मग तडफडणारे ते पाच माझ्याच डोळ्यांपुढे का? उत्तर दे.