ताईबाईंचं पोट भरलेलं पुस्तक

आज चतुर्थी. पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन घेऊन परतताना एरंडोलच्या आमच्या गल्लीत ताईबाईंचा ओटा रिकामा दिसला. त्या गेल्या, तरी सवयीने त्यांच्यासाठी आणलेला प्रसाद पिशवीतच राहिला.

ताईबाई गोधड्या शिवायच्या. उरलेल्या चिंध्यांतून गल्लीतल्या लहानग्यांना चित्रांची पुस्तकं करून द्यायच्या. कागदाचं पुस्तक पोरं खातात; कापडाचं चावलं तर धुऊन दोरीवर घालता येतं. गोष्टी मात्र त्या स्वतः रचत नसत. पोर सांगेल तशी शिवायची. निळी गाय म्हटली तर निळी.

शेजारच्या शकीलभाऊंची मिसबाह तेव्हा चार वर्षांची. तिची गोष्ट घर शोधणाऱ्या कोंबडीची. कोंबडी विहिरीवर जाते, बसमध्ये बसते, शेवटच्या पानावर तिला घर सापडतं. नेमकं तेव्हाच त्यांचं बिऱ्हाड कामासाठी सुरतेला निघालं. पुस्तक हातात आल्याशिवाय टेम्पोत बसणार नाही, असं तिने आईला, हसीनाबीला, बजावलं होतं.

गोधडी पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवायचा, ती उपाशी राहू नये म्हणून, ही ताईबाईंच्या माहेरची रीत. पुस्तकातही त्यांनी तो शेवटच्या पानाच्या कोपऱ्यातल्या घरामागे शिवला. मी म्हटलं, अहो, हे पुस्तक आहे. तर म्हणाल्या, "उपाशी पुस्तक पोरले कसं देसू?"

सकाळी पाहते तर उंदराने भाकरीच्या वासाने शेवटचं पान कुरतडलेलं. घराच्या मधोमध भोक. टेम्पो दारात उभा. ताईबाई पदराआड तोंड लपवून बसल्या. गणपतीच्या वाहनाला मी मनातल्या मनात नको ते बोलले.

मिसबाहने पान उलटसुलट पाहिलं. भोकात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"हाई तं दार शे," ती म्हणाली. "आते कोंबडी घरमा जाई."

दार सांगायचं आपणच विसरलो होतो, असंही तिने ताईबाईंना समजावलं. ताईबाईंनी घाईघाईने लाल दोऱ्याने भोकाला काजासारखी कड शिवली. भाकरी पुन्हा घालू का, विचारलं. मिसबाह नको म्हणाली. उंदराला आता दार माहीत झालंय.

गेल्या ईदला हसीनाबी आली, तेव्हा ताईबाई नव्हत्या. पुस्तक मिसबाहच्या धाकट्या भावाच्या, उजैरच्या तोंडात होतं. दाराची कड बोटं लागून काळी पडलेली. मी सहज शेवटच्या पानाचा कोपरा चाचपला, तर आत काहीतरी कडक लागलं.

हसीनाबी हसली. "खारकेचा तुकडा शे, अक्का. उपाशी कसं ठेवसू?"