स्प्रिंगांच्या पानावरचा चंदनाचा हार

परवा व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी विचारलंत, की आपल्या कारखान्याच्या वेबसाइटवर यंत्रांचे फोटो आहेत, स्प्रिंगांचे आहेत, शेडबाहेरच्या गुलमोहराचासुद्धा आहे, मग ज्यांनी कारखाना काढला त्या आजोबांचाच एकही फोटो कसा नाही? "आम्ही एक छानसा टाकतो," असंही म्हणालात. त्या वेळी आजोबा माझ्या शेजारीच बसले होते, आणि त्यांना एकाएकी ऐकू येईनासं झालं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून लिहून कळवते. फोटो टाकण्याआधी हे वाचा.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. घर तेव्हाही बेंगळूरला बसवनगुडीतच होतं आणि कारखाना पीण्या औद्योगिक वसाहतीत. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तार वळवणारी थोडी यंत्रं, एक भट्टी आणि कोपऱ्यात काचेची खोली. त्या खोलीत मी बसायची. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता, कारण आजोबांच्या इंग्रजीत वाक्य थाटात सुरू व्हायचं, पण ते संपेल याची हमी नसायची.

आम्ही स्प्रिंगा बनवायचो. कापडाची यंत्रं बनवणारी एक कंपनी आमचा बहुतेक माल घ्यायची, ती त्या वर्षी बंद पडली. निम्मी यंत्रं कामाविना उभी राहिली. कामगार नुसते बसायला लाजत आणि झाडलेलीच शेड पुन्हा झाडत. आजोबा जेवताना मधेच म्हणायचे, "शेड भाड्याने देऊन टाकू." म्हणायचे आणि भात तसाच ठेवून उठायचे. तेवढ्यात कोइमतूरच्या एका पंप कंपनीला नवा स्प्रिंगवाला हवा आहे असं कळलं. मी पत्र टाकलं. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याचं उत्तर आलं: तुमची वेबसाइट असल्यास पत्ता पाठवावा, ती पाहून पुढचं ठरवू.

आमच्याकडे टेलिफोन होता, फॅक्स होता. वेबसाइट नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेली एक मुलगी भाड्याने राहायची. नोकरी सोडून तिने वेबसाइटी बनवण्याचाच व्यवसाय सुरू केला होता. मी म्हटलं, तिला काम देऊ.

"एक पान तर करायचंय," आजोबा म्हणाले. "त्याला पैसे देऊन माणूस कशाला? आपला भाचा आहे की!"

भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. बँकेत अधिकारी होता आणि हौसेने कंप्युटरचा कोर्स केला होता. एका रविवारी मामा-भाचे उप्पिटाच्या बशा घेऊन कंप्युटरसमोर बसले ते संध्याकाळीच उठले.

आता असं बघा, वेबसाइट त्या दोघांपैकी कुणीच कधी केली नव्हती. पण घरातल्या लग्नपत्रिका दोघांनी पुष्कळ छापून घेतल्या होत्या. तेव्हा जे तयार झालं ती तंतोतंत लग्नपत्रिका होती. वर गणपती. खाली कारखान्यातल्या सगळ्या भागीदारांची नावं वयाच्या क्रमाने, म्हणजे कुणाचा रुसवा नको. त्याखाली सरकत जाणारं "सुस्वागतम्", इंग्रजी अक्षरांत. स्प्रिंगा कुठे आहेत, तर अगदी तळाशी, पत्रिकेत "आहेर स्वीकारला जाणार नाही" असतं ना, त्या जागी.

आणि मधोमध आजोबा. आपल्या समाजाच्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला होता, तेव्हाचा फोटो. कपाळाला गंध, गळ्यात चंदनाच्या सालींचा हार, चेहऱ्यावर सत्काराला शोभेल असा गंभीर भाव. भाच्याने फोटोला सोनेरी चौकट घातली आणि दोन बाजूंना दोन समया ठेवल्या. समयांच्या ज्योती हलत होत्या.

"मामा, ज्योती हलतात, बघितलंत?"

"वा! याला म्हणतात कला. अगं, इकडे ये, ज्योती हलतात!"

"समया कशाला?" मी विचारलं.

"शोभेला."

तेव्हाचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किरकिरत यायचं आणि चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उघडायचं. आधी गणपती, मग समया, मग हार, आणि सगळ्यात शेवटी आजोबा. ते रोज सकाळी पान उघडून आपण दिसेपर्यंत वाट पाहत. किती लोकांनी पान पाहिलं याचा आकडा खाली येई. "वाढतोय," असं ते मला समाधानाने सांगत. वाढणारच. रोज उघडत कोण होतं?

पानाचा पत्ता मी कोइमतूरला कळवला होता, तिथून मात्र काही उत्तर आलं नाही. मी आठवणीचं पत्र टाकलं, त्यालाही नाही. आजोबा पुन्हा शेडच्या भाड्याचं बोलू लागले.

मग एका दुपारी कारखान्यात फोन वाजला. हुबळीचे एक पंपांचे व्यापारी, जुन्या ओळखीचे. आपल्याकडच्यासारखीच कन्नड मिसळलेली मराठी बोलायचे.

"अक्का," आवाज अगदी खाली गेलेला. "कधी झालं हो? स्वल्प कळवायचं तरी."

"काय झालं?"

"मोठा माणूस होता. मी कोइमतूरला गेलो होतो पंप आणायला. तिथले खरेदीवाले म्हणाले, बेंगळूरच्या त्या स्प्रिंगवाल्यांचं पान बघितलं, मालक गेलेले दिसतात, हार घातलाय, समया लावल्यात. आता कारखाना कोण चालवणार कुणास ठाऊक, म्हणून थांबलो आहोत. मला तर अक्का, तिथेच खाली बसावंसं वाटलं."

मी टेलिफोनवर हात ठेवला आणि आजोबांना म्हटलं, "तुमच्याविषयी चाललंय. तुम्हीच बोला."

आजोबांनी फोन घेतला. पलीकडून इतका मोठा आवाज आला, की मला टेबलाच्या अलीकडे ऐकू आला. मग दोघं बराच वेळ बोलले. शेवटी आजोबा म्हणाले, "नाही, नाही, तुम्ही त्यांना काही सांगू नका. सरी, ठीक आहे. माझं मी बघतो." फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, हार शोभून दिसतो."

"दिसतो ना," मी म्हटलं. "म्हणूनच लोक हळहळले."

घरी जाताना गाडीत मी एवढंच विचारलं, की स्वस्तात कुठूनही स्प्रिंग घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता?

"सांगतो, की वेटोळी कुणीही वळवील. दाबल्यावर परत वर येते ती स्प्रिंग. त्यासाठी कारागीर लागतो."

"बरं."

"हं," आजोबा म्हणाले. यशवंतपूर मागे पडलं. मग म्हणाले, "ती वरची मुलगी दिवसा घरी असते का?"

ती मुलगी पहिल्यांदा पीण्याला आली ती वही-पेन्सिल घेऊन. कंप्युटरला तिने हातही लावला नाही. "काका, मला फक्त तुमच्या फोनशेजारी बसू द्या. कस्टमर काय विचारतात, ते मला ऐकायचंय."

"माझा परिचय नको? सत्कार वगैरे?"

"तुमचा सत्कार किती कस्टमरनी विचारला?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरकडे पाहिलं.

सकाळभर ती बसली. फोन फार नव्हतेच, पण प्रत्येक जण फिरून फिरून तेच विचारत होता: कुठल्या जाडीच्या तारेची स्प्रिंग करता? नमुना करून द्याल का? किती दिवसांत? गणपती कुणी विचारला नाही, भागीदारांची वयं कुणी विचारली नाहीत. तिने जे पान केलं त्यात वरच ती तीन उत्तरं होती. खाली हातात धरलेल्या स्प्रिंगांचे फोटो, म्हणजे आकार कळावा. चौकशी पाठवायला एक चौकोन. पांढरी जागा इतकी, की आजोबा अस्वस्थ झाले.

"इथे काहीतरी बसेल की. एखादं फूल."

"काका, तुम्ही स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये जागा का सोडता?"

आजोबा म्हणाले, "सरी, सरी," आणि फूल गेलं. पान चित्रासाठी ताटकळत न ठेवता झटकन उघडायचं. तिने मागितलेली रक्कम त्यांनी घासाघीस न करता दिली, हे मी या घरात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पान नवं केलंय, एवढंच मी कोइमतूरला कळवलं, आणि चौकोनातून पहिली चौकशी आली ती तिथूनच. मागोमाग त्यांचे खरेदी अधिकारी कारखाना बघायला स्वतः आले. शेड बघितली, भट्टी बघितली, नमुन्याची स्प्रिंग दाबून दाबून बघितली. मग काचेच्या खोलीत कॉफी घेताना आजोबांचा चेहरा न्याहाळत इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या थोरल्या बंधूंचं कळलं. फार वाईट वाटलं. चेहरेपट्टी अगदी तीच आहे. पण तुम्ही कारभार चांगला सावरलात. ते जुनं पान आणि हे नवं पान, लगेच कळतं की आता व्यवस्थित माणसाच्या हातात आहे."

ऑर्डरवर अजून सही व्हायची होती. आजोबांनी कॉफीचा घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"थोरले बंधू नाहीत," ते म्हणाले. "तो मीच. गेलो नव्हतो. सत्कार झाला होता."

पाहुण्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. ते डोळे पुसेपर्यंत हसले, आणि आजोबा आधी कानांपर्यंत लाल झाले, मग तेही हसले. पाहुण्यांनी सही केली. निघताना दारात म्हणाले, "एकच अट, सर. तुमचा फोटो पुन्हा घालू नका. आमच्या ऑफिसात दोन मिनिटं शांतता पाळली होती."

शेड भाड्याने गेली नाही. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर ते पान कितीदा बदललं, पण प्रत्येक वेळी ज्याचं ते काम आहे त्यालाच दिलं, आणि फोटो कधी घातला नाही.

तुमचा प्रस्ताव मी आज सकाळी आजोबांपुढे पुन्हा मोठ्याने मांडला. या वेळी ऐकू आलं. म्हणाले, "लावा की. पण त्या फोटोची वेळ येऊ दे. एकदा घाई झाली, तेवढी पुरे."