सांगता न येणारं दुखणं
शेजारच्या काकी नळावर भांडायला उभ्या राहिल्या की वडूजची आमची निम्मी गल्ली दारात यायची. हात कमरेवर, प्रत्येक वाक्याला "व्हय का न्हाई?" आणि उत्तरासाठी थांबणं नाही. पण त्यांची सहा वर्षांची लेक बिथरली की हाच आवाज एकदम खाली यायचा.

एका संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. फौजेतल्या बापानं आणलेला नवा टेरिलिनचा फ्रॉक घालून ती पोर आली होती. बायकांच्या गलबल्यात ती अचानक किंचाळली, तिळगुळाचं ताट उधळलं आणि आवरायला गेलेल्या काकींच्या दंडाला कडकडून चावली. कुणी म्हणालं, "बाहेरचं काहीतरी असणार." कुणी म्हणालं, "दोन ठेवून द्या की!"

पोरीला परसात नेऊन काकींनी तो टोचरा फ्रॉक काढला, तिला आपल्या मऊ पदरात गुंडाळलं आणि मांडीवर घट्ट धरून बसल्या. हळूहळू हुंदके थांबले.

दंडाला लावायला मी हळद घेऊन गेले. "लय लागलं का, काकी?"

"लागलं की. पर माझं दुखनं मला सांगाया येतंय. तिला कुठं येतंय?"