सुधाकरची पांढऱ्या पेशींची गोष्ट

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील समस्त सुज्ञ जनांस कळविण्यात येते की, गेली तीस वर्षं मी ज्याच्यावर मनापासून जळत आलो, तो माझा बालमित्र सुधाकर मागच्या महिन्यात हृदयविकारानं गेला. त्यामुळे माझा एकमेव नियमित उद्योग बंद पडला आहे.

बातमी आली तेव्हा मी खालापूरला एका लग्नात माइक धरून उभा होतो. या भागातली लग्नं, बारशी, सत्कार, सगळीकडे निवेदन माझंच. माझ्याइतकं रंगवून सांगणारा दुसरा कोणी नाही असं मला वाटायचं... सुधाकर ते दर रविवारी खोटं पाडायचा.

तो गुरांचा डॉक्टर झाला, पुढे मुंबईत संशोधक. रविवारी मात्र आमच्या गावी, कडावला यायचा, गोठ्यागोठ्यांतून गाईंच्या रक्ताचे नमुने घ्यायचा आणि मग दूध डेअरीच्या ओट्यावर टेकायचा. त्याचा विषय गोचीडताप. गोचीड चावली की तिच्या लाळेतून एक बारीक परजीवी गाईच्या अंगात उतरतो आणि थेट पांढऱ्या पेशींतच घर करतो. रोगाशी लढायचं काम ज्यांचं, त्यांच्याच पोटात. वर त्या पेशींना वाढत राहायला लावतो, म्हणून गाईच्या गाठी सुजतात. हे सांगताना हातवारे नाहीत, आवाजात चढउतार नाही. तरी लोक किटल्या खाली ठेवून ऐकत बसायचे आणि मी कडेला उभा राहून चहा गार करायचो.

"मंग गाय वाचती कशी रं?" माझ्या शेजारच्या कुसुमकाकीनं एकदा विचारलं.

"काकी, पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आत चोर शिरलाय म्हणून. आपली गावठी गाय हा निरोप बेतानं देते आणि बरेचदा तरून जाते. संकरित गाईचं शरीर मात्र अशी बोंब ठोकतं की चोर राहतो बाजूला, त्या बोंबेनंच ती खचते."

"म्हंजे आमच्या बाळ्यासारखी," काकी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. ओटा हसला. सुधाकरही हसला... ते मी विसरलो नाही.

म्हणूनच माझ्या संकरित जर्सी गाईला ताप भरला, खांद्यापुढची गाठ सुजली, तेव्हा मी त्याला फोन केला नाही. सगळं ओळखलं होतं, त्याच्याच तोंडून ऐकलेलं. तरी गाठीवर तापल्या सळईचा डाग देऊन घेतला आणि दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी कुणाकडून तरी कळून तो आपणहून आला. डाग पाहिला. इंजेक्शन दिलं आणि दुपारभर गोठ्यात बसून राहिला. गाय वाचली, दूध मात्र पहिल्यासारखं आलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मला बोलवायचं तरी रे." त्या वेळी मला त्याच्या न रागावण्याचासुद्धा हेवा वाटला. चुकलं माझं, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

त्याच्या शोकसभेला ओटा भरला होता. तीन दिवस तयारी करून मी उभा राहिलो. ठरवलं होतं, आज त्याचीच गोष्ट त्याच्यापेक्षा चांगली सांगायची. गोचिडीची चाल करून दाखवली, चोराची कुजबुज काढली, निरोप घेऊन धावणाऱ्या पेशींना वेगवेगळे आवाज दिले. बोंबेच्या वाक्यापाशी जरा अडखळलो... तिथं तो हसला होता. पण सावरलो आणि शेवट केला. कुणी हललं नाही. दोघंतिघं डोळे पुसत होते. खरं सांगतो, त्या दुःखातही मला आत गुदगुल्या झाल्या. तीस वर्षांत एकदाचा जिंकलो होतो.

तेवढ्यात मागून कुसुमकाकी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बरा बोललास रं बाळ्या. पन सुदा असता तर कायतरी कळलं असतं."