कॅप्टनचा खालचा दात

काशीरामकाका एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. शेवटची बारा वर्षं सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. वादळात डेकवरून मारलेली त्यांची हाक पार खाली इंजिनरूममध्ये पोचायची, असं निदान ते स्वतः तरी सांगतात. असा हा माणूस गेला दीड महिना पावस गावातल्या आपल्या घरात एका कुत्र्याचं तोंड लपवत होता.

कुत्रा बीगल, नाव कॅप्टन. "एवढी वर्षं मी कॅप्टनचं ऐकलं, आता कॅप्टन माझं ऐकंल," हा नावामागचा विचार. कॅप्टनने तो पहिल्याच दिवशी मोडीत काढला. हाक मारली तर मान वर न करता तो वाळत घातलेला बांगडा चघळत राहिला.

पिल्लू सावर्ड्याच्या मनस्वीकडचं. ती घरीच बीगल वाढवते, कुत्र्यांच्या शोमध्ये उतरवते. तिच्या फळीवरचे बक्षिसाचे कप पाहून काका हरखले.

"मला शोचंच पिल्लू पायजे."

"काका, दोन महिन्यांचं आहे ते. शोचं होण्यासारखं आहे, एवढंच मी म्हणेन. अजून दुधाचे दात पडायचेत, उंची भरायची आहे."

"म्हणजे होईल."

"म्हणजे होईल किंवा होणार नाही."

"होईल गो! त्याची नजर बघ."

नजर काकांच्या चपलेवर होती.

घरी गंगूकाकींनी पिल्लाला चारी बाजूंनी न्याहाळलं. "शोचा कुत्रा? म्हणजे शोच्या झाडासारखा? ना फळ, ना सावली? भुंकतो तरी काय?"

काकांनी मात्र अख्ख्या गावात सांगून टाकलं, की चॅम्पियन आणलाय.

पाचव्या महिन्यात दुधाचे दात पडले, नवे आले. एका सकाळी कॅप्टनने लांबलचक जांभई दिली आणि काका चहा बाजूला ठेवून खाली वाकले. खालचे दात वरच्यांच्या पुढे आले होते. मनस्वीने दाखवलेलं त्यांना आठवत होतं : वरचे दात खालच्यांवर कात्रीच्या पात्यासारखे बसायला हवेत. त्यांनी पिल्लू घेताना सही केलेला कागद काढला. 'पिल्लू पुढे शोच्या लायक ठरले नाही, तर बदलून देण्यात येईल.'

बदलून. काकांनी शब्दावर बोट ठेवलं. पेटीत डागी आंबा निघाला की बदलून देतात. डागी परत जातो. म्हणजे कॅप्टन जाणार.

तेव्हापासून मनस्वीचा मेसेज आला की घरात धावपळ. ती मागायची दातांचा फोटो, काका पाठवायचे शेपटीचा. मग कानांचा. मग तोंडात चेंडू घेतलेला.

'काका, चेंडू काढून पाठवा ना.'

'सोडत नाय.'

मंगळवारी सकाळी ती स्वतःच दारात उभी राहिली.

"कॅप्टन कुठंय?"

"झोपलाय."

आतून भुंकण्याचा दणका आला.

"झोपेत भुंकतो," काका म्हणाले.

"अवो, सांगून टाका एकदाचं," काकी कडाडल्या आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. कॅप्टन सरळ मनस्वीच्या अंगावर. तिने वाकून अलगद त्याचा ओठ वर केला आणि दात पाहिले.

काकांना धीर निघेना. "मी सही केलीय, मला ठाव हाय. पण तो मी देणार नाय. त्या फळीवर ठेवायला दुसरा बघ तू."

"देणार नाही म्हणजे?"

"कागदावर लिवलंस ना, बदलून?"

मनस्वीने कपाळावर हात मारला. मग तिथेच पायरीवर बसली. "काका, ते तुमच्यासाठी लिहिलंय. तुम्हाला दुसरं हवं असेल, तर मी देईन. मी न्यायला नाही आले. उलट तुम्ही फोटो पाठवीनात, मला वाटलं, तुम्ही चिडलात, परत देणार. मागच्या वर्षी एकांनी अर्धा इंच उंची जास्त भरली म्हणून आणून सोडलं. म्हणून मीच आले."

"म्हणजे आज नेणार नायस?"

"नाही."

"पुढच्या महिन्यात?"

"काका, कधीच नाही! फक्त शोमध्ये उतरवायचा नाही आणि त्याची पिल्लं घ्यायची नाहीत. सहा पिल्लांत एखादंच रिंगणापर्यंत पोचतं, तेही पोचलं तर. बाकीची घरातच छान राहतात. चावताना त्रास होतो का?"

"अख्खा बांगडा जातो," काकी म्हणाल्या. "पण कामाचा हाय हां. आधी हे दिवसभर जेटीवर बसून परक्या बोटी मोजायचे. आता ह्याच्यापायी घरी असतात."

काकांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग त्यांची ती इंजिनरूमवाली हाक घरभर घुमली, "गंगू, चहा टाक! साखर जास्त!"

संध्याकाळी ते कॅप्टनला घेऊन नाक्यावर गेले. रावजी चहावाल्याने नेहमीचं विचारलं, "काय सारंग, चॅम्पियन कधी होतोय?"

काकांनी चारचौघांत कॅप्टनचा ओठ वर केला. "हा बघ दात. नाय होणार."

"अरारा! मग बदलून घ्या की!"

"तुझे पुढचे दोन पडलेत रे रावजी," काका म्हणाले, "वहिनीने बदलला तुला?"