कांद्याच्या चाळीची झडती

श्रीगोंद्यात माझ्या घरामागे कांदा साठवायची चाळ आहे. हमालीपासून सुरुवात करून मी ती उभी केली, त्यामुळे तिच्यात कुणी न विचारता पाय ठेवलेला मला खपत नाही. नगरपालिकेचा निरीक्षक पहिल्यांदा आला तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवला. "खाजगी जागा हाय साहेब. वॉरंट आणा, मग बघा." मला वाटलं, आता हा पुन्हा येत नाही.

आठवड्याने तो वॉरंट घेऊनच आला. चाळीच्या वासाचा शेजाऱ्यांना उपद्रव होतो, सबब आत जाऊन तपासणी करावी. तक्रारदार म्हणून भिंतीपलीकडच्या बाईंचं नाव. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. माझ्या दोन्ही लेकी त्यांच्या ओट्यावर पाढे शिकल्या. नाताळच्या करंज्यांचं पहिलं ताट आमच्याकडे येतं. आणि यांनीच तक्रार करावी? माझं डोकंच फिरलं.

भाव चढेल या आशेवर हंगामाचा सगळा माल मी चाळीत राखला होता. ती रिकामी करायला लावली असती, तर मिळेल त्या भावात कांदा फुंकावा लागला असता.

पंचनाम्याला दोन पंच हवेत. निरीक्षकाने गल्लीत हाका मारल्या, पण कुणाला गिरणीत जायचं होतं, कुणाची आंघोळ व्हायची होती. माझ्याशी वैर कोण घेणार? मी मनात खूश. एवढ्यात बाई पदर खोचून आल्या. "मी होते पंच."

"बाई, तक्रार तुमचीच. तुम्हाला नाही होता येत," निरीक्षक म्हणाला.

बाईंनी गल्लीकडे तोंड करून दोघांना नावाने हाक मारली. दोघंही त्यांचे विद्यार्थी. मुकाट्याने बाहेर आले.

निरीक्षक नाकाला रुमाल लावून दारातच थांबला. "सगळा माल सडलाय. चाळ रिकामी करा, असं लिहितो."

"आत न जाताच?" मी ओरडलो. "नाक हाय का यंत्र?"

"तू गप्प बस," बाई मला म्हणाल्या आणि आत शिरल्या. एकेका कप्प्यातले कांदे माना दाबून पाहिले. पंचांनाही दाबायला लावले. मागच्या कप्प्यावर पत्रा गळत होता, तिथला कांदा बोटाखाली फुटत होता. पुढचा माल खडखडीत.

"मागचा काढायला लावा. पुढच्याने काय केलंय?"

"बाई, तुम्ही तक्रारदार का याच्या वकील?"

"मला वास येतो, त्याची तक्रार आहे. याचा धंदा बसावा अशी नाही."

तसंच लिहिलं गेलं. निरीक्षक म्हणाला, संध्याकाळपर्यंत काढा. मी आठ दिवस मागितले. बाई म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत." निरीक्षकाने तीच मुदत लिहिली.

सगळे गेल्यावर मात्र मी बोललो. "बाई, सरकारदरबारी जायच्या आधी भिंतीवरून एक हाक मारायची हुती."

"मारली असती, तर तू भाव करत बसला असतास. दिवाळीपर्यंत थांबा म्हणाला असतास."

म्हणालो असतो, यात शंका नाही. तरी हाक मारायला हवी होती, असं मी आजही त्यांना तोंडावर ऐकवतो. त्या हसतात. मला अजिबात हसू येत नाही. पुढच्या कप्प्यातला कांदा मात्र भाव चढल्यावरच विकला.