माझ्यासाठी आलेला पहिला डोळा

सातवीत शाळा सोडली आणि पोटासाठी साताऱ्याकडून थेट पुलगावात येऊन कापसाच्या गठाणी बांधायला लागलो. एकदा गठाणीची पट्टी तुटून उजव्या डोळ्याला लागली. जखम पिकली, डोळ्यात फूल पडलं. कुणी मरणानंतर डोळा दिला तरच दिसेल, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

डोळा आल्याचं दवाखान्यातून बोलावणं आलं तेव्हा माझं घरचं इथं कुणी नव्हतं. घरमालकीण मावशी एसटीनं सोबत आली. डोळा सकाळीच आला होता, पण सिस्टर म्हणाल्या, "थांबा. देणाऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट यायचाय. कावीळ, एचआयव्ही, सगळं बघतात."

"मेल्या मानसाचं रगत काऊन तपासून राह्यले वो बाई?" मावशीनं विचारलं.

"त्यांना आता विचारता येत नाही ना, आजी. काही असलं तर यांना लागेल."

"आजी तुह्या घरची. मले मावशी म्हन."

मी बाकावर देवाचं नाव घेत बसलो. दुपारी सिस्टर आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. रक्तात कावीळ निघाली होती. तो डोळा बसवता येणार नव्हता.

एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडलो. माझ्या वाट्याचं गेलं, एवढंच डोक्यात, आणि त्या देणाऱ्याचा राग.

संध्याकाळी मावशीनं गॅस पेटवला नाही. शेजारणीकडून पिठलं-भाकर मागून आणली. मयताच्या घरी शेजारचे कडू घास आणतात, तशी.

"कोण गेलं?"

"तुले डोळा देनारा. त्याचं घर मले मालूम नाई, मंग आपुनच खाऊ."

"पण डोळा बसलाच नाही."

"तो तं देऊन गेला ना? रगतात काय हाय, हे त्याले तरी मालूम असन का? खाय."

खाल्लं. खाता खाता त्या माणसावरचा राग उतरला.

पुन्हा बोलावणं यायला बराच काळ गेला. या वेळी रिपोर्टची भीती जास्तच. तो यायच्या आधीच मी या दुसऱ्या अनोळखी देणाऱ्याला मनात हात जोडले. बसो, न बसो. सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "चांगला आलाय. कपडे बदला."

पट्टी निघाली तेव्हा नुसतं धुकं होतं. नजर हळूहळू निवळली. मावशी रोज माझा डावा डोळा झाकून बोटं नाचवायची, "किती?"

एका सकाळी म्हणालो, "बोटं राहू दे मावशी. तुझी टिकली वाकडी लागलीय."

ती आरशाकडं गेली, आणि बराच वेळ मागं वळलीच नाही.